‘धो.’ म्हणजे काय? आजोबांचं कॅलेंडर, लोअर परळचा चिखल आणि मिठी नदीवरचे पाहुणे

लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा, बसायला जागा मिळाली असेल तर आणखीच छान. आणि ऐकायच्या ऐवजी वाचत असाल, तर हा आपल्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात लढाई नाही, तह नाही, राज्याभिषेक नाही. यात एक पक्षी आहे, वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. आणि एक अक्षर आहे. अक्षर आणि पुढे टिंब. ‘धो.’

गेल्या वर्षी लोअर परळची आमची खोली रिकामी करायची वेळ आली. चाळ पुनर्विकासाला गेली. तीन पिढ्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिल्या, त्यामुळे सामान आवरणं म्हणजे उत्खननच होतं. माळ्यावरून आजीची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत गोधड्या, तांब्याची दोन भांडी, आणि तळाला अंथरलेली कालनिर्णयची जुनी पानं. मी ती फेकणारच होते, पण एक गोष्ट खटकली. चौदा पानं होती आणि सगळी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरची. सगळ्यात जुनं १९७६ चं, सगळ्यात नवं १९९८ चं. प्रत्येक पानावर एकाच तारखेभोवती पेन्सिलीने गोल, आणि आत बारीक अक्षरात ‘धो.’

आईला दाखवलं. ती म्हणाली, “धोब्याचा हिशेब असेल गं.”

“आपल्याकडे धोबी होता कधी?”

आई थांबली. “नव्हता. आजी सगळे कपडे मोरीतच धुवायची.”

मग दूधवाला? गॅस? कोणाचं नाव? आम्ही दोघी त्या पानांकडे बघत बसलो. आणि मला एकदम गॅलरी आठवली. मी पाच वर्षांची असेन. आजोबांनी मला कठड्यावर उचलून धरलंय, समोर बंद पडलेल्या गिरणीची भिंत, भिंतीपलीकडे शेवाळलेलं तळं, आणि तळ्याच्या काठावर काहीतरी छोटंसं, काळं-पांढरं, तुरुतुरु पळतंय. आजोबा म्हणतायत, “बघ गो बाय, धोबी इलो.”

तर मंडळी, ‘धो.’ म्हणजे धोबी. कपड्यांचा नव्हे, पक्षी.

शेपटी आपटणारा पाहुणा

धोबी तुम्ही नक्की पाहिलाय, फक्त नाव माहीत नसेल. चिमणीपेक्षा थोडा लांबडा, सडपातळ. उड्या मारत नाही, माणसासारखा चालतो, पळतो. आणि त्याची शेपटी सतत वर-खाली होत असते. पाण्याच्या काठी बसून दगडावर कपडे आपटणाऱ्या माणसासारखी. म्हणून मराठीत धोबी, काही ठिकाणी परीट. महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून जो धोबीघाट दिसतो, तो आणि हा पक्षी नावाचे भाऊ आहेत म्हणा ना.

याच्या जाती बऱ्याच. करडा धोबी, पिवळा धोबी, पांढरा धोबी हे आपल्याकडे पाहुणे. कवड्या धोबी मात्र इथलाच, बारा महिने राहणारा. पाहुणे धोबी पाऊस ओसरला की येतात. करडा सगळ्यात आधी, कधीकधी गणपतीच्या दिवसांतच. पांढरा त्याच्या मागोमाग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. हिवाळा इथे काढतात आणि एप्रिलच्या आसपास परत जातात. परत म्हणजे कुठे? हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया. घरटी, अंडी, पिल्लं, सगळं तिकडे.

आता गंमत बघा. पहिला धोबी कधी दिसला याची नोंद ठेवणारे माझे आजोबा काही पहिले नव्हेत. संस्कृतमध्ये या पक्ष्याला खंजन म्हणतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खंजनावर एक अख्खा अध्याय आहे. विषय काय, तर खंजन पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कुठे बसला होता, त्यावरून शकुन कसा सांगायचा. पुढे तुलसीदासांनी किष्किंधाकांडात शरद ऋतूचं वर्णन केलं, तिथेही खंजन येतो. म्हणजे पाऊस संपला की हा पक्षी हजर होतो, हे आपल्या लोकांनी कधीच टिपून ठेवलं होतं. तो मधले महिने कुठे असतो, हा प्रश्न मात्र फार नंतर सुटला.

आणि एक गोष्ट, खास मराठी माणसासाठी. एकोणिसाव्या शतकात कर्नल विल्यम साइक्स नावाचा अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत होता. काम आकडेवारी गोळा करायचं, पण दख्खनमध्ये फिरता फिरता त्याने इथले पक्षीही टिपले. १८३२ मध्ये त्याने पांढऱ्या धोब्याच्या एका प्रकाराला शास्त्रीय नाव दिलं, ‘दुखुनेन्सिस’. दुखुन म्हणजे दख्खन. मध्य आशियाच्या बाजूला जन्मणारा पक्षी, आणि नाव दख्खनचं! कारण साइक्सला तो भेटला इथे, त्याच्या हिवाळी मुक्कामावर. जन्म एकीकडचा आणि ओळख दुसरीकडची. गिरणगावात असे लोक चाळीचाळीत होते. आजोबा सावंतवाडीकडचे, पण गावाला गेले की सगळे त्यांना ‘मुंबैकार’च म्हणायचे.

ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती

आता लोअर परळकडे येऊ. धोबी पाण्याच्या काठचा पक्षी. मग काचेच्या इमारती आणि मॉल असलेल्या या भागात त्याचं काय काम?

उत्तर जमिनीत आहे. मुंबई सात बेटांची होती, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण बेटांच्या मध्ये काय होतं? खोल निळा समुद्र नव्हे. बहुतेक ठिकाणी चिखल होता. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. वरळी आणि मुंबईचं मुख्य बेट यांच्यामध्ये, आजच्या महालक्ष्मीजवळ, मोठं खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत घुसायचं आणि पार पायधुनीपर्यंत पोचायचं. चिखल तुडवून आलेले लोक जिथे पाय धुवायचे ती पायधुनी, असं सांगतात. लोअर परळचा बराचसा सखल भाग याच पाणथळ पट्ट्यातला. इंग्रज त्याला नुसतं ‘फ्लॅट्स’ म्हणायचे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात ते खिंडार बांध घालून बुजवलं. तोच हॉर्नबी वेलार्ड, साधारण १७८४ च्या सुमारास पूर्ण झालेला. वेलार्ड हा शब्द पोर्तुगीजमधून आला, अर्थ कुंपण किंवा बांध. याबद्दलची दंतकथा तुम्ही आजीकडून ऐकली असेल. बांध पुन्हा पुन्हा कोसळत होता, मग रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढ म्हणाली, मूर्ती मिळाल्या आणि मग बांध टिकला. महालक्ष्मीचं देऊळ त्या मूर्तींचं. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण कथा एक गोष्ट नीट सांगते. समुद्र सहजासहजी हटला नव्हता.

बांध झाला तरी आतली जमीन लगेच सुकली नाही. पुढची कित्येक वर्षं तिथे दलदल होती. माती टाकून, शहराचा कचरा टाकून ती हळूहळू भरली. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली आणि मग काही दशकांत परळ, लालबाग, वरळीपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. विश्वास बसत नसेल तर जुलैत जोरदार पाऊस झाला की परळच्या आजूबाजूला पाणी कुठे तुंबतं ते बघा. पाण्याला जुना नकाशा अजून पाठ आहे.

म्हणजे आज शिवडीच्या किंवा माहीमच्या चिखलावर जे पाहुणे उतरतात, तुतवार, चिखल्या, टिलवा, तशाच पक्ष्यांच्या कामाची ही जागा. आपण ती भरून घेतली. थोडं पाणी उरलं ते गिरण्यांच्या आवारात, तळ्यांमध्ये. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून गिरणीत तळं असायचं. आमच्या गॅलरीतून दिसायचं ते तसंच एक.

आणि नदी? तीसुद्धा इथे आली, पण नळातून. मिठी नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवून १८६० मध्ये विहार तलाव झाला. शहराला नळाने पाणी मिळायला लागलं ते तेव्हापासून. मग त्याच डोंगरांतला तुळशी तलाव, १८७९ चा. लोअर परळ स्टेशनबाहेरच्या रस्त्याला जुनी माणसं अजून ‘तुळशी पाईप रोड’ का म्हणतात, कळलं ना? पाटीवर सेनापती बापट मार्ग आहे, पण नावात अजून ती पाइपलाइन वाहतेय.

भायखळ्यातले आठ जण

पक्षी बघणं हा साहेबांचा किंवा पैसेवाल्यांचा नाद, असं आपल्याकडे अजून वाटतं. मला पण वाटायचं. महागडी दुर्बीण, खाकी टोपी, इंग्रजी नावं. म्हणून हा किस्सा सांगतेच.

१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेला लागून. लोअर परळहून फार लांब नाही. मुंबईतले आठ जण तिथे जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. पुढे भारतातल्या पक्षी-प्राण्यांच्या अभ्यासाचं हे मोठं केंद्र झालं. आठांपैकी सहा इंग्रज होते. उरलेले दोघे मराठी डॉक्टर.

एक, डॉ. आत्माराम पांडुरंग. हे नाव इतिहासाच्या पुस्तकात वेगळ्या धड्यात येतं, १८६७ च्या प्रार्थना समाजाच्या. दुसरे, डॉ. सखाराम अर्जुन. वनस्पतींचे जाणकार. आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. हो, त्याच रखमाबाई, ज्यांनी बालपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला जायला नकार दिला आणि त्यावरून कोर्टात गाजलेला खटला झाला, ज्या पुढे डॉक्टर झाल्या. ज्या घरात हा प्रश्न उभा राहिला, त्याच घरातला माणूस भायखळ्यात बसून निसर्ग अभ्यासणारी संस्था काढत होता. आपण या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत वाचतो, म्हणून त्या एकाच शहरात, एकाच वेळी घडल्या हे लक्षातच येत नाही.

मग सलीम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, गिरगावात, खेतवाडीत. लहानपणी आई-वडील गेले, मामाकडे वाढले. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी म्हणून मामांनी त्यांना सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकेक करून उघडून दाखवले. पुढचं आयुष्य त्या खणांतून निघालं. पण लगेच नाही हं. जर्मनीत शिकून आले तर इथे नोकरी नव्हती. मग अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि १९३० मध्ये दारातल्या सुगरणींचा अभ्यास केला. बेकारीत केलेलं ते काम त्यांचं नाव करून गेलं.

तिसरे मारुती चितमपल्ली. जन्म ५ नोव्हेंबर १९३२, सोलापूर. वनखात्यात नोकरी केली आणि रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली. त्यांचा ‘पक्षिकोश’ नसता तर आपल्यातल्या कित्येकांना ‘धोबी’ आणि ‘परीट’ ही नावं पुस्तकात सापडलीच नसती. ५ ते १२ नोव्हेंबर, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. २०२० मध्ये राज्य सरकारने तो जाहीर केला.

तोच धोबी का?

आता माझ्या डोक्यातला खरा प्रश्न. आजोबा म्हणायचे, “तोच हा. दर वर्षी हयच येता.” तोच पक्षी, त्याच तळ्यावर, सायबेरियाहून? मला वाटायचं, आजोबा लहान मुलीला गोष्ट सांगतायत.

पक्षी कुठे जातात हे माणसाला खूप उशिरा कळलं. युरोपात कित्येक शतकं लोक मानत होते की पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपतात. १८२२ मध्ये जर्मनीत एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार घुसलेला! तो तसाच उडत आला होता. तो पुरावा आजही रोस्टॉकच्या विद्यापीठात पेंढा भरून ठेवलाय. मग १८९९ मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या जातीतल्या पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या, त्यावर नंबर आणि पत्ता. साधी युक्ती, पण तिने सगळं बदललं.

आपल्याकडे धार संस्थानात १९२६ च्या सुमारास बदकांना कड्या घालायला सुरुवात झाली. पण मोठं काम झालं ते एका आजारामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला क्यासनूरच्या जंगलात एक ताप आला. माकडं मरायला लागली, माणसंही. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला. लगेच संशय कोणावर? बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांवर. तेच गोचीड घेऊन आले असणार! मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने, सलीम अलींच्या नेतृत्वाखाली, हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या. कडीवर इंग्रजीत कोरलेलं असायचं: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. आणि लोकांनी कळवलं, थेट सोव्हिएत संघातून. कुठल्या तरी गवताळ माळावर एका माणसाच्या हातात मेलेला पक्षी, आणि त्याच्या पायावर ‘बॉम्बे’. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण त्यांचे रस्ते मात्र कागदावर आले.

या कड्यांमधून आणखी एक गोष्ट कळली. कित्येक पाहुणे पक्षी दर वर्षी नुसते भारतात येत नाहीत, ते त्याच जागी येतात. तेच शेत, तोच नाला, तेच अंगण. म्हणजे आजोबा बरोबर होते?

अर्धे. कारण धोबी बहुतेक दोन-तीन वर्षंच जगतो. १९७६ ते १९९८, बावीस वर्षं तोच पक्षी येणं शक्यच नाही. आजोबांचा ‘तोच’ धोबी म्हणजे एकामागून एक आलेले कितीतरी धोबी होते. एक गेला की त्याची जागा दुसरा घेत होता. टिकून होतं ते तळं. हे मला कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग विचार केला, चाळ तरी वेगळी कुठे होती? एका खोलीत एका गावचे दहा-बारा पुरुष, रातपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर दिवसपाळीवाला आडवा व्हायचा. माणसं बदलत होती, जागा तीच होती.

१९८२ चं पान

चौदा पानांतलं एक पान वेगळं आहे. ऑक्टोबर १९८२.

त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मिटलाच नाही. खूप कामगार गावाला निघून गेले, कारण शहरात भाडं आणि रेशन परवडत नव्हतं, आणि गावात निदान भात होता. आजोबाही गेले. साचेखात्यात वीस वर्षं काढलेला माणूस परत मळ्यात उभा राहिला. त्या पानावर गोल आहे आणि लिहिलंय: ‘धो. गावी. मळ्यात.’

बस, तीनच शब्द. संपाबद्दल, पैशांबद्दल, गिरणीबद्दल त्यांनी कधी काही लिहिलं नाही. कोणाला दोष दिला नाही, निदान कागदावर तरी. पण त्या वर्षी भातकापणी झालेल्या चिखलात त्यांनी धोबी पाहिला आणि कॅलेंडरवर गोल केला. तेही त्या वर्षी चुकीच्या जागी होते आणि तरी त्यांनी आपली नोंद चुकवली नाही.

आईने ते पान बराच वेळ हातात धरलं होतं. ती तेव्हा या घरात आलेली नव्हती. आजीने पुढे तिला सांगितलं होतं की त्या वर्षी आजोबा घरात बोलायचेच बंद झाले होते. “लिहीत होते म्हणजे,” आई म्हणाली. तेवढंच.

पुढे ते मुंबईला परतले, रखवालदारी केली, १९९९ मध्ये गेले. गिरणीचं तळं त्यानंतर काही वर्षांत बुजलं. आज तिथे पार्किंग आहे.

मिठीच्या काठी

मग मी आणि आई ऑक्टोबरच्या एका सकाळी निघालो. लोअर परळहून स्लो लोकल, माहीमला उतरून टॅक्सी, सायन-वांद्रे लिंक रोडवर धारावी डेपोसमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तुम्ही त्याच्यावरून शंभरदा गेला असाल. ३७ एकरांचं हे रान पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. कचऱ्यावर माती टाकून, रोपं लावून ते उभं केलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. शंभराहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेलेत. लोअर परळमध्ये आपण पाणथळ जागेवर कचरा टाकून शहर केलं, इथे कचऱ्यावर जंगल झालं. त्याच शहराने केलेली दोन्ही कामं.

उद्यानाच्या मागे मिठी नदी. नाव मिठी, आणि वास… असो. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन ती साधारण अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत मिळते. वाटेत विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलंय, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या दलदलीवर भर घातलीय. तोंडाशी माहीमचा कॉजवे, १८४५ चा. त्याआधी लोक होडीने जायचे आणि होड्या बुडायच्या. सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि अट अशी की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. पूल माणसांना हवाच होता. पण एकेक करत आपण नदीचं अंग आवळत आणलं, हेही खरं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहराला पहिल्यांदा कळलं की मिठी हा नाला नाही, नदी आहे.

ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडला होता. प्लॅस्टिक, चपला, सगळं. आणि त्या चिखलावर शेकाट्या, लांब गुलाबी पायांचे, पाय उचलून उचलून चाललेले. एक तुतवार, ढुंगण हलवत पळणारा. दोन बगळे. आई म्हणाली, “यांना वास नाही का गं येत?” मी म्हटलं, त्यांना आळ्या, किडे दिसतात. जागा दुसरी कुठे उरलीय?

मग तो आला. पाइपच्या कडेवर उतरला, शेपटी वर-खाली, वर-खाली. पिवळसर पोट होतं, की उन्हाने वाटलं? मी फोन काढेपर्यंत ‘चिझिट’ असं काहीतरी म्हणत, लाटा काढत उडाला आणि वळणापलीकडे गेला. सगळं मिळून दहा सेकंद.

आई म्हणाली, “इलो.” तिचं माहेर सातारचं आहे, ती मालवणी बोलत नाही. पण म्हणाली.

आता तुमचं काम

मंडळी, मोबाइल हातात आहेच. ई-बर्ड नावाचं ॲप आहे, फुकट. कुठे, कधी, कोणता पक्षी, किती, एवढं भरायचं. त्यात जुन्या तारखांच्या नोंदीही भरता येतात. म्हणून त्या रात्री मी आजोबांची चौदा पानं समोर घेऊन बसले.

आणि अडकले. पांढरा धोबी की करडा? की इथलाच कवड्या? आजोबांनी फक्त ‘धो.’ लिहिलंय. माझी आठवण काळ्या-पांढऱ्या पक्ष्याची आहे, पण पाच वर्षांच्या मुलीची आठवण. काळा-पांढरा तर कवड्याही असतो. क्षणभर वाटलं, पांढरा म्हणून टाकूया, कोण तपासणारे? पण बावीस वर्षं प्रामाणिकपणे एकच गोल करणाऱ्या माणसाच्या नोंदीत मी माझा अंदाज घुसवायचा? नाही पटलं. ॲपमध्ये जात नक्की नसेल तर नुसतं ‘धोबी’ म्हणून भरायची सोय आहे. तेच केलं. तेरा नोंदी लोअर परळच्या, एक गावची. आणि पंधरावी मिठीच्या काठची, माझी. तिथेही जात लिहिली नाही, कारण पोट पिवळं होतं की ऊन, हे मला अजून सांगता येत नाही.

तुमच्याकडून मला एवढंच हवंय. पाऊस थांबला की आपल्या गच्चीवर, सोसायटीच्या टाकीजवळ, स्टेशनच्या पत्र्यावर, नाल्याच्या कडेला नजर ठेवा. शेपटी हलवणारा दिसला की तारीख लिहा. ॲपवर लिहा, कॅलेंडरवर लिहा. जात ओळखता आली तर उत्तम, नाही आली तर ‘धो.’ पुरेसं आहे. आणि घरात कोणी जुनं माणूस असेल तर विचारा, त्यांच्याकडे या पक्ष्याला काय म्हणायचे. मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवेन.

आम्ही सध्या भाड्याने कळव्याला राहतो. नवी इमारत कधी होईल ती होईल. भिंतीवर यंदाचं कालनिर्णय आहे. आईने ऑक्टोबरच्या पानावर गोल करून ठेवलाय, दुधाच्या हिशेबाशेजारी.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.